नवरीविना बस्ता

लग्नाचा बस्ता म्हटलं की निम्मी भावकी टेम्पोत चढते. पूनमच्या बस्त्यालाही तिची आई आणि होणारी सासू धरून बारा बायका माणगावला आल्या. नवव्या वर्षी तापात पूनमचे डोळे गेले. आता ती कचेरीत टेलिफोनवर बसते, स्वतःच्या पगारावर जगते. गेले आठ दिवस तिने एकच ध्यास घेतला होता, शालू मी माझ्या हाताने निवडणार. पोत, काठ, जर तिला बोटांनी कळायची. रंग तेवढा आईने सांगायचा, असं ठरलं होतं.

तिच्या डाव्या हाताशी शेवंती होती. अंध माणसाला वाट दाखवायला शिकवलेली, पट्टा चढला की इकडेतिकडे न बघणारी कुत्री. तीन वर्षं तिच्या भरवशावर पूनम एकटी हमरस्ता ओलांडते.

बायका चपला काढून दुकानाच्या गादीवर बसल्या. पूनमने पायरीवर पाय ठेवला, आणि गल्ल्यावरचा शेठ ओरडला, "अरे, कुतरा आत नको! बाहेर बांधा!"

"शेठ, ही मला वाट दावते," पूनम म्हणाली. "गादीवर न्हाय चढणार. खाली चपलांपाशी गप बसंल. हे बघा तिचं ओळखपत्र."

"कार्ड काय करू बेन? गादी म्हणजे आमची लक्ष्मी. तुम्ही या ना, आमचा माणूस हात धरून आणेल. नायतर साड्या घरी पाठवतो."

कसं गोड बोलणं! हात धरून आणायला पूनम काय बोचकं होती? शेठच्या डोक्यावर दत्ताची तसबीर होती, देवाच्या पायाशी चार कुत्री, वर ताजा हार. चित्रातल्या कुत्र्यांना रोज उदबत्ती आणि जितीजागती दारात आली की हाकला. धन्य ती भक्ती!

बाहेर बांधणं म्हणजे काय, ते पूनमला पुरतं ठाऊक होतं. मागे एका औषधवाल्याचं ऐकून तिने शेवंतीला खांबाला बांधलं होतं, तेव्हा कुणीतरी गंमत म्हणून तिच्या पाठीवर उकळता चहा ओतला. मुकं जनावर मालकिणीची वाट बघत तिथेच थरथरत उभं राहिलं. त्या दिवशी पूनमने शपथ घेतली होती, पुन्हा बांधायची नाही.

"बांध ना गो," तिची आई मनुबाई गादीवरून कळवळून म्हणाली. "सासरची मान्सं हायेत. आज हट नको."

"घटकाभराचं तर काम हाय," होणारी सासू सोनूबाई म्हणाली. "आन तुला दिसतंय कुठं? आमी निवडतो की."

पूनम पायरी उतरून रस्त्यावर उभी राहिली. आता कुणीतरी म्हणेल, उठा गो, दुसरं दुकान बघू, असं तिला खरंच वाटत होतं. बारा जणी होत्या. एकीला तरी लाज वाटेल.

आतून साड्या उलगडल्याचा आवाज आला. मग हसण्याचा. मग आईचा.

"तो हिरवा दावा बरं. माझ्या पोरीला हिरवा खुलून दिसंल."

पूनमच्या अंगाची लाही लाही झाली. शेवंतीचा पट्टा घट्ट धरून ती पायरी चढली आणि थेट गादीच्या कडेला येऊन थांबली. शेठ ताडकन उठला, नोकर पुढे धावला. ती जागची हलली नाही.

"आये, घे तो हिरवा," ती म्हणाली. "मावशी, तुमीबी घ्या मनासारखं. फकस्त नेसायला दुसरी नवरी बघा. मी रस्त्यावर उभी असताना ज्यांचा बस्ता होतो, त्यांच्या घरात मला यायचं न्हाय."

"कुत्रीपायी लगीन मोडतेस?" सोनूबाई कडाडली.

"कुत्रीपायी न्हाय. तुमी बारा जणी बसून ऱ्हायलात, त्यापायी."

मनुबाईच्या मांडीवर हिरवा शालू पसरला होता. तो तिने बाजूला सारला आणि खाली मान घालून चपला शोधायला उतरली.

बाकीच्या अकरा जणी बसूनच राहिल्या. त्या काही दुष्ट नव्हत्या. तुमच्या-आमच्यासारख्याच, चारचौघींत बसलेल्या बायका होत्या, आणि संताप येतो तो याचाच.