पुलावरचा लेफ्टनंट

युद्ध सुरू झालं आणि आमच्या थेटरात धडाधड माणसं मरायला लागली. पडद्यावर हो, घाबरू नका. गाण्याबजावण्याची चित्रं मिळेनाशी झाली, फिल्म कंपनीकडे उरले ते खून आणि हेर. मग आम्हीही पाटी रंगवली: एक आठवडा खून, एक आठवडा हेरगिरी. ब्लॅकआउटमुळे रात्रीचे खेळ बंद, म्हणून भरदुपारी मुडदे पाडायचे. लोक जेवूनखाऊन येत आणि ढेकर देत देत खुनी ओळखत.

ओळखत कसले, ओरडत! आमच्या गिऱ्हाइकाला गप्प बसून चित्र बघणं ठाऊकच नाही. "अरे, त्या मिशीवाल्याला धर की!" असं शिंपी पहिल्या रांगेतून पडद्याला बजावणार. मागून रिटायर झालेले न्यायाधीश "पुरावा काय?" म्हणून त्याच्यावर डाफरणार. मग मी दारातून दोघांवर खेकसणार. थेटर सासऱ्यांचं, मशीन आमच्या ह्यांच्या हातात आणि तोंड माझं, अशी आमच्याकडे वाटणी होती.

तिकीट खिडकीवर माझी धाकटी जाऊ बसायची. खरी ती जागा भाऊजींची, म्हणजे माझ्या दिराची. ते आघाडीवर गेले, चार पत्रं आली, मग येईनाशी झाली. पोस्टमन खिडकीवरून पुढे निघून गेला की धाकटी गिऱ्हाइकाला सुटे पैसे द्यायलाच विसरायची. आम्ही घरात त्यावर काही बोलत नव्हतो. बोलून बोलणार काय?

त्यात ते चित्र आलं. एक तरुण लेफ्टनंट हेर होऊन शत्रूच्या मुलखात जातो, त्याचीच माणसं त्याला फितूर समजतात, आणि शेवटी बिचारा एका पुलाच्या टोकाशी येतो. मागे बंदुका, पुढेही बंदुका. पहिल्याच खेळाला धाकटी खिडकी लावून आत येऊन बसली. मध्यंतरात माझा हात धरून म्हणाली, "ताई, हा परत आला ना, तर आपलं माणूसही येणार. मी मनात धरलंय."

"वेडी की काय तू? चित्रावर कसलं धरतेस?" मी तिला झापलं. पण आता एकदा धरलं म्हणजे धरलं, ते सोडवणार कोण?

शेवटचं रीळ लागलं. लेफ्टनंटने पुलावर पाय ठेवला. थेटरात श्वास घेतला तरी ऐकू येईल अशी शांतता. आणि पडद्यावर एक गुबगुबीत बाई आली नि हसत हसत सांगायला लागली, की बटाटे नेहमी कोरड्या जागी ठेवावेत.

फिल्म कंपनीने धांदलीत भलताच डबा धाडला होता, सरकारी माहितीपटाचा! आमच्या ह्यांनी डब्यावरचा आकडा बघितला आणि आत काय आहे ते न बघता रीळ चढवलं. न्यायाधीशांना वाटलं, ही हेरांची सांकेतिक भाषा. ते मन लावून ऐकायला लागले. शेवटी शिंपी किंचाळला, "अहो, पुलावरच्याचं काय झालं?" आणि सगळ्यांनी थेटर डोक्यावर घेतलं.

मी ताडताड स्टेजवर चढले. "बोंबलू नका! सांगते काय झालं!" आता मला काय कप्पाळ ठाऊक? पण मागे भिंतीशी धाकटी उभी होती, चेहरा पांढराफटक. मग आपोआप सुचत गेलं. लेफ्टनंटने नदीत उडी मारली, घाटावर कपडे धुणाऱ्या एका बाईने त्याला ओल्या चादरींच्या गाठोड्यात बांधलं आणि पहारेकऱ्यांना शिव्या हासडत हातगाडीवरून सुखरूप अलीकडे आणलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

दुसऱ्या दिवशी हाऊसफुल्ल! निम्मे लोक कालचेच. "बाई, आज कसा आणणार त्याला?" कंपनीला तार केली होती, डबा सापडेपर्यंत मीच त्याला आणत राहिले. एकदा दुधाच्या गाडीतून, एकदा नर्सच्या वेशात. एवढ्या उंच माणसाला नर्सचा झगा बसेल कसा, म्हणून शिंपी हातघाईवर आला. न्यायाधीशांनी "साक्षीदार कोण?" विचारलं, तेव्हा मी चिडून गोष्टीतला एक न्यायाधीश विहिरीत ढकलला. आपण वाचतो का ते बघायला ते दुसऱ्या दिवशी सर्वांच्या आधी हजर. पण कुणी बुडो, कुणी जळो, लेफ्टनंटच्या केसालाही मी धक्का लागू दिला नाही.

आणि रविवारी सकाळी खरा डबा आला. तोंड एकदा पोळलेलं, म्हणून ह्यांनी रिकाम्या थेटरात आधी चालवून बघितला. मी शेजारी. पुलाच्या मधोमध लेफ्टनंटला गोळी लागते. पडायलाही मेला किती वेळ लावतो, वर व्हायोलिन.

"हे लावायचं नाही," मी म्हणाले.

"अगं, असं कसं? चित्र आहे तसं दाखवायला हवं."

"चित्र गेलं खड्ड्यात! घरात ती पोर आस लावून बसलीय, आणि..."

"मला नाही का आस?" हे ओरडले. जन्मात कधी आवाज न चढवणारा माणूस. "माझा भाऊ आहे तो. पण खोटं किती दिवस पुरवशील?"



"भांडू नका," दारातून धाकटी म्हणाली. "मी बघितलंय. डबा खिडकीवरच आला होता. दादांना द्यायच्या आधी फिल्म दिव्यासमोर धरून सगळं बघितलं." मी तिच्याकडे धावले, तर तिने हातानेच थांबवलं. "मनात धरलं होतं ते मी सोडून दिलं, ताई. असं कुणी येत नाही नि जात नाही. पण आज तुम्हीच सांगा. तो आलेला मला ऐकायचाय."

ह्यांनी डबा कपाटात ठेवला आणि मशीनला तेल द्यायला वर गेले.

दुपारी चित्र पुलाशी थांबलं, दिवे लागले, मी स्टेजवर गेले. त्या दिवशी एकही युक्ती सुचेना. "तो चालत आला," मी म्हणाले. "लढाई संपली होती. कुणी अडवलं नाही. दार ढकललं आणि घरात आला."

शिंप्याने तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या रांगेतून धाकटी बोलली. "फार वाळलाय का हो?"

"वाळलाय," मी म्हणाले. "पण धड आहे. हातपाय सगळे आहेत."

"जेवला?"

"जेवला ना. दोनदा मागून घेतलं. आणि हात धुवायच्या आधीच डोळा लागला त्याचा."

"मग उठवू नका," ती म्हणाली.

कुणी टाळी वाजवली नाही. माणसं एकेक करून उठली आणि पाय न वाजवता बाहेर पडली. शिंपी तर चपला हातात घेऊन गेला.