राखाडी कोटातलं भोक

रफूगाराच्या धंद्याची गोमच अशी, की काम जितकं चांगलं तितकं ते कुणाला दिसत नाही. शिंप्याने शिवलेला कोट चारचौघांत मिरवतो, लोक विचारतात, कुठून शिवला? रफूगाराच्या नशिबी ते नाही. ज्याच्या कोटाचं भोक बुजवलं, तो माणूस जन्मात कुणाला सांगायला जात नाही. सांगेल कशाला? लपवायलाच तर आला होता.

चाळीस वर्षं नवरा-बायकोने एकाच अरुंद गाळ्यात काढली. सुई त्याची, धागे तिचे. कोटाच्या आतल्या दुमडीतून, जिथे कुणी बघायला जात नाही तिथून, ती एकेक धागा अलगद ओढून काढायची आणि पांढऱ्या कागदावर ओळीने मांडून ठेवायची. त्याच कापडाचा धागा त्याच कापडात. तो आधी उभे धागे भरायचा, मग आडवे, एक वरून, एक खालून. शेवटी अस्तर परत शिवायचं ते तिने. एकेका भोकाला दोन-दोन दिवस लागायचे. पण तेव्हा माणसाकडे एकच चांगला कोट असायचा. लग्नात घातलेलाच कोट मुलीच्या लग्नातही घालायचा. दोन दिवस थांबायला कुणाची ना नसायची.

आता त्याच रस्त्यावर कपडे दुरुस्त करणारी पाच दुकानं झाली होती. भिंतीपलीकडचा तर दहा मिनिटांत मशीन फिरवून मोकळा व्हायचा. त्याला सगळे झटपटच म्हणत. त्याच्या पाटीभोवती लाल-हिरवे दिवे दिवसासुद्धा पळत असायचे. गाळ्याच्या मालकाने म्हाताऱ्याला तोंडावर सांगितलं होतं, "थंडी संपेपर्यंत बघतो. काम आलं तर ठीक, नाहीतर झटपटला मधली भिंत पाडून हवीच आहे."

"बाबा, पाच दुकानांत आपलं वेगळं काय, ते लोकांच्या डोळ्यांत भरायला हवं," सून जेवताना म्हणाली.

"आपलं वेगळं हेच, की ते डोळ्यांत भरत नाही."

"मग तेच मांडा की काचेत!"

म्हातारा खुळ्यासारखा हसला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा राखाडी कोट घेऊन दुकानात आला. दुसऱ्या बटणाखाली इस्त्रीच्या तापल्या टोकाने त्याने बटणाएवढं भोक पाडलं. बायकोचा जीव कळवळला. चांगला कोट! मग चार दिवस तो त्या भोकावर वाकून बसला. हल्ली सुईत धागाही तीच ओवून द्यायची. त्याबद्दल दोघंही कधी बोलले नव्हते. ती ओवलेली सुई पुढे करायची, तो न बघता घ्यायचा. काम झाल्यावर त्याने कोट तिच्याकडे दिला, तिने अस्तर शिवलं, आणि सुनेच्या टपोऱ्या अक्षरातली पाटी शेजारी उभी राहिली. 'या कोटात बटणाएवढं भोक होतं. शोधून दाखवा.'

लोक शोधायला लागले की! येणारा-जाणारा काचेला नाक लावून उभा.

"कॉलरपाशी!"

"चूक," म्हातारा आतून ओरडायचा.

"खिशाच्या कडेला! पैज लावतो!"

"हरलात, साहेब!"

इतका खुशीत तो कित्येक वर्षांत नव्हता. बायको दिवसातून दोनदा काचेवरचे नाकांचे ठसे पुसायची. पंधरा दिवसांत काचेला शंभर नाकं लागली असतील, आणि टेबलावर आली एक पँट. तीही चेन बदलायला.

सोळाव्या दिवशी झटपटच्या काचेत नवाकोरा निळा कोट लटकला. 'या कोटात तीन भोकं होती. शोधून दाखवा.' लेबलाचा दोरा अजून बाहीला लोंबत होता.

म्हातारा तणतणत गेला. "लाज वाटते का? त्यात भोक होतं तरी कधी?"

"काका, चिडता कशाला?" झटपट खुर्ची पुढे करत म्हणाला. "माझ्यात दिसत नाही, तसं तुमच्यातही दिसत नाही. फिटंफाट!"

म्हातारा परत आला. बायकोने विचारलं, "काय म्हणाला?" तर म्हणे, "काही नाही. खुर्ची दिली बसायला."

थंडीचा शेवटचा आठवडा राहिला असताना नाटक कंपनीचे कपडे सांभाळणारी बाई आली. उंच, घाईतली, पण डोळ्यांनी पारखी. कंपनीच्या दोनशे लोकरी कपड्यांना कसर लागली होती. वर्षभराचं काम. म्हाताऱ्याने लगेच टेबल मोकळं करायला घेतलं.

"शेजारी तीन भोकं म्हणतात, तुमच्याकडे एक," बाई म्हणाल्या. "मला दोन्हीकडे काही दिसत नाही. मुळात नसलेलं भोकही असंच दिसणार ना? तुमचं कुठे होतं तेवढं दाखवा. आजच गाठोडी पाठवते."

त्याने काचेतला कोट उतरवला, उजेडात धरला. "हे बघा, दुसऱ्या बटणाखाली."

"इथे म्हणजे नेमकं कुठे? त्यानेही असाच हात फिरवून दाखवला."

म्हाताऱ्याने भिंग घेतलं. कापड नाकाशी आणलं, लांब धरलं, परत जवळ आणलं. त्याची नजर बटणाखालून सरकत सरकत पार खिशापर्यंत गेली. सापडेल, आत्ता सापडेल, असं तो पुटपुटत होता.

"द्या इकडे," बायको म्हणाली आणि कोट मांडीवर घेतला. तिच्या अंगठ्याला जागा लगेच लागली. अस्तर शिवतानाच तिला ती ठाऊक झाली होती. आतल्या बाजूने चार-पाच धागे वाट चुकलेले, दोन एकाच घरात शिरलेले, मध्ये खड्यासारखी बारीक गाठ. पूर्वी अशी एक ओळ जरी वाकडी गेली तरी तो सगळं उसवून पुन्हा बसायचा.

"अगं, अस्तर उसव," तो एकदम म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "आतून धाग्यांची टोकं दिसतील. मग तर झालं?"

"हो, तसं चालेल," बाई म्हणाल्या.

कात्री तिच्या हाताशीच होती. दहा टाके, बस्स. भोक होतं हे सिद्ध झालं असतं, आणि ते कसं भरलं होतं हेही त्या पारखी डोळ्यांसमोर, त्याच्यादेखत, उघडं पडलं असतं. आणि समजा, बाईंनी चालवून घेतलं, तर पुढे दोनशे कपडे!

"नको," ती म्हणाली. "अस्तर उसवलं तर कापड सुटेल."

अस्तर उसवून कापड सुटत नसतं, हे त्याला तिच्याइतकंच माहीत होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती कोटाची घडी घालत राहिली.

"ती म्हणते तर नाही," तो बाईंना म्हणाला. "अस्तराचं खातं तिचं."

बाईंनी पर्स खांद्याला लावली आणि त्या निघून गेल्या. भिंतीपलीकडे झटपटच्या दाराची घंटी वाजली, ती दोघांनीही ऐकली.

आठवड्याने गाळा रिकामा झाला. सामान ते कितीसं! टेबल, भिंग, सुयांचा डबा. भिंत पाडायला आलेले मजूर बाहेर बसून राहिले होते. झटपट मदतीला आला, आणि टेबल उचलता उचलता म्हणाला, "काका, आता तरी सांगा. भोक होतं कुठे?"

"अरे, मलाच सापडलं नाही!" राखाडी कोट अंगात चढवत म्हातारा मोठ्याने म्हणाला. "असं काम आहे ते. बनवणाऱ्यालासुद्धा सापडत नाही!"

बोलता बोलता त्याचा अंगठा दुसऱ्या बटणाखाली गेला होता. एकाच जागी, हळूहळू, तो कापड चोळत होता. अगदी नेमक्या जागी. ती सुयांचा डबा उगाच उघडून पुन्हा बंद करत बसली.