रोवळीची मधली छिद्रं

...आणि मधलं एक छिद्र बुजलेलं होतं. एक नव्हे, तीन, चार... मधला सगळा पुंजकाच. कडेची छिद्रं कशी लख्ख, प्रत्येकात उन्हाचा एकेक टिपूस अडकलेला. ओळीनं गोल फिरत आत यावं आणि ऐन मध्यावर येऊन ऊन संपावं. तिथे नुसता करडा डाग, राखेवर पाणी सांडलं की उमटतो तसा. धुरपदाबाईनं रोवळी आणखी थोडी वर धरली. डोक्यावरून घसरलेला पदर एका हातानं सावरला आणि पुन्हा पाहिलं. डाग तिथेच.

"नजीरभाई, हाई रोवळी बुजेल शे."

जळगावच्या भांडी-बाजारात नजीरभाईचं दुकान म्हणजे एक ओटा आणि मागे एक अंधारी खोली. एके काळी याच ओट्यावर तो भट्टी पेटवून कल्हई करायचा. लढाईच्या दिवसांत कथील मिळेना तेव्हा भांडी विकायला बसला. लढाई संपली, आणि लष्कराच्या कुठल्याशा छावणीतल्या भटारखान्याचं सामान लिलावात निघालं. त्यातली ही रोवळी. पोलादाची, पण पोलादासारखी काळी नाही; चांदीसारखी, पण चांदीसारखी मऊ नाही. दोन बाजूंना दोन कान, खाली उभं राहायला कडं.

"बुजेल?" नजीरभाई हसला. "अक्का, मिलिटरीचा माल आहे. गोऱ्या सोजिरांनी यात बटाटे धुतले. त्यांना नाही दिसलं बुजेल!"

"सोजिरले काय कळस? त्याले डाळ रोवळनी पडस का कधी?"

शेजारी उभी असलेली भागा, तिची सून, तोंडाला पदर लावून हसली. नजीरभाईही हसला. म्हणजे बोलणं नेहमीसारखं झालं होतं, धुरपदाबाईचं बोलणं जसं असायचं तसं, आणि त्यामुळे तिला थोडा धीर आला. माणूस बोलतो तसा असला म्हणजे बाकी सगळं ठीक आहे असं लोक धरून चालतात.

"कापूस अडकेल व्हई," ती म्हणाली.

हे अगदी खरं असू शकत होतं. मार्गशीर्षाचे दिवस, कापसाच्या गाड्या जिनांकडे चाललेल्या, सकाळपासून हवेत तंतू तरंगत होते, बैलांच्या शिंगांवर, दुकानांच्या फळ्यांवर, माणसांच्या भुवयांवर. मग रोवळीत का नाही अडकणार? नजीरभाईनं रोवळी घेतली, तोंडाजवळ नेली आणि गाल फुगवून फुंकर मारली. पुन्हा तिच्या हातात दिली. तिनं वर धरली.

डाग तिथेच होता. आणि आता तिच्या ध्यानात आलं — नजर जरा कडेला नेली, कानाजवळच्या छिद्रांवर, की डाग मधून उठतो आणि कानाजवळ येऊन बसतो. मधली छिद्रं मोकळी होतात. नजर परत मध्यावर आणली की तोही परत येतो. जिथे पाहावं तिथलंच बुजतं. ज्याकडे पाहू नये ते तेवढं स्वच्छ.

तिनं रोवळी खाली घेतली नाही. खाली घेतली असती तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

हे सुरू कसं झालं... हिलाल जेवत होता आणि त्याचं चावणं थांबलं. एवढंच. तिच्या मुलानं बोटानं खडा काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि पुढचा घास घेतला. तो जिनात काट्यावर वजनं करतो; दिवसभर माणसांशी भांडून येतो, घरी कमी बोलतो. दुसऱ्यांदा खडा आला तेव्हा म्हणाला, "आई, रेशनवाले आजकाल खडाच जास्ती देतस का काय?" सगळे हसले. रेशनचे तांदूळ होतेच तसले, अख्खं पिंप्राळं तेच म्हणत होतं, आणि धुरपदाबाईनंही रेशनवाल्याला मनसोक्त शिव्या दिल्या. मग तिसरा खडा उडदाच्या डाळीत आला. डाळ घरची होती.

तेव्हा तिनं जुन्या रोवळीला दोष दिला. बांबूची, काठ विटलेली, एका बाजूनं काड्या सुटलेल्या. रोवळीच अशी, तर खडे मागे कसे राहतील? दाण्यांबरोबर तेही पुढे सरकणार. म्हणाली, आता एकदाची टिकाऊ रोवळी घेऊ. बांबूची नको, दरवर्षी बुरुडाकडे कोण जातं? पितळेची नको, कल्हई उडाली की आंबट चढतं. टिकाऊ हवी. हा शब्द ती महिनाभर बोलत होती. हिलालला, भागाला, विहिरीवर भेटणाऱ्या बायांना. टिकाऊ हवी, टिकाऊ हवी... आणि बोलता बोलता तिला स्वतःलाच पटलं होतं की दोष रोवळीचा आहे. सुईत दोरा जात नव्हता तो सुईचा दोष. दिव्याची ज्योत मधून फाटल्यासारखी दिसे तो रॉकेलचा दोष. लढाईनं सगळ्याच वस्तूंची रया गेली होती. एका माणसाचं एवढं काय?

"लाओ पानी," नजीरभाई कुणाला तरी म्हणाला, आणि मग स्वतःच उठून तांब्या घेऊन आला. "अक्का, तुम्ही धरा. मी ओततो. पाणी खोटं बोलत नाही."

तिनं दोन्ही कान धरले. पाणी आलं, थंड, तिच्या मनगटावरून ओघळलं, आणि रोवळीच्या तळातून सगळीकडून सारखं खाली पडू लागलं. मधूनही. बुजलेल्या छिद्रांमधूनही धारा लागल्या होत्या. ती बघत होती. करड्या डागातून पाणी पडत होतं.

"बघा," नजीरभाई म्हणाला. "ना गंज, ना कल्हई. खरं सांगू? हा माल घरोघर गेला तर आम्ही कल्हईवाले उपाशी. माझी कबर मीच खोदून विकायला बसलोय. तुमच्या नातवंडांच्या लग्नात हीच रोवळी राहील, अक्का."

भागानं पुढे होऊन तिच्या हातातली रोवळी हलकेच घेतली, झटकली, पाणी निपटलं. उन्हात धरली, एकदा फिरवली आणि परत तिच्या हातात दिली.

"देखा, आत्या," ती म्हणाली. "घाई नई शे. परत देखा."

धुरपदाबाईनं परत पाहिलं नाही. ती त्या आवाजाकडे पाहत राहिली.

हा आवाज ओळखीचा होता. घरातला होता, पण भागाचा नव्हता. भागा तिच्या भावाची मुलगी; भडगावहून अकराव्या वर्षी हिलालची बायको होऊन आली, तेव्हा तिला चूलही पेटवता येत नव्हती. भाकरी हातावर फाटायची. फाटली की ती सासूकडे बघायची, मार बसेल म्हणून. आणि धुरपदाबाई म्हणायची, घाई नई शे, परत थाप. परत फाटायची. परत थाप. मी कधी तिच्यावर हात उचलला नाही... मला शिकवायला आवडायचं. पोरीच्या हाताला एकेक गोष्ट कशी लागते ते बघायला मला माझ्या स्वतःच्या स्वयंपाकापेक्षा जास्त आवडायचं. आणि त्यासाठी एक आवाज लागतो. त्यात राग नसतो. पण त्यात, हे तिला आज समोरून ऐकल्यावर पहिल्यांदा कळलं, त्यात अपेक्षाही नसते. समोरच्याला आज येणार नाही हे त्या आवाजानं आधीच मान्य केलेलं असतं. तो नुसता थांबायला तयार असतो.

म्हणजे भागाला माहीत होतं.

कधीपासून? आणि मग तिला आठवलं की गेले कितीतरी दिवस जेवणात खडा आलाच नव्हता. तिनं तो आपला विजय मानला होता. चार दिवस, आठ दिवस, हिलालचं चावणं कुठे थांबलं नव्हतं. ती कान देऊन बसायची, त्याचा घास संपेपर्यंत श्वास धरून, आणि काही न होता ताट उचललं जायचं. तिला वाटलं, बरं होतंय. त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुते त्याचा गुण आला. एकदा तर तिनं मुक्ताबाईच्या देवळाकडे तोंड करून हातही जोडले होते. आणि तेवढे सगळे दिवस ही पोरगी... आपण निवडलेली डाळ ओसरीवर ठेवून गोठ्याकडे वळलो की ही ते सूप आत नेत असणार. परत निवडत असणार. खडे अंगणात टाकले तर दिसतील म्हणून चुलीच्या राखेत.

"घ्यायची का, अक्का?" नजीरभाईनं विचारलं.

धुरपदाबाईनं रोवळीच्या तळावरून बोट फिरवलं. आजवर घरातलं प्रत्येक भांडं तिनं घेतलं होतं; वाजवून, बोट फिरवून, उन्हात धरून. आज तिच्या बोटांना रोवळी गुळगुळीत लागत होती, कुठे कोर नाही, कुठे खरखर नाही, आणि बोटांचं खरं मानायचं की डोळ्यांचं हे तिला ठरवता येईना.

"हाईच लेऊत, आत्या," भागा म्हणाली. अगदी सहज. जसं काही ते आधीच धुरपदाबाईनंच ठरवलं होतं.

पिंप्राळ्याच्या वाटेवर समोरून गाड्यांची रांग येत होती. कापसाचे उंच डोंगर डोलत जवळ यायचे आणि जवळ आले की त्यांच्यावर बसलेल्या गाडीवानाला तोंड नसायचं. आवाज असायचा, हात असायचे, पागोटं असायचं. रोवळी भागाच्या काखेत होती. ती नेहमीसारखी मागून चालत नव्हती. आज बाजूनं, गाड्यांच्या अंगानं चालत होती. कधीपासून ही या अंगानं चालते?

माहेरी भडगावला आई ओसरीच्या खांबाला टेकून बसायची. गिरणेवरून वारा आला की म्हणायची, नदीला पाणी कमी झालं. सगळे म्हणत, वासावरून कळतं म्हातारीला. ती कोंबडीसारखी मान तिरकी करून माणसांकडे बघायची, समोरचं दिसत नसलं की तसंच बघावं लागतं, कडेनं. वैद्य झाले, धुळ्याचे डॉक्टर झाले. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू नाही, तो असता तर काढला असता. हा आतला दोष. मग आईच्या डाव्या हाताला पाण्याचा तांब्या आणि उजव्या हाताला काठी ठेवली गेली, आणि लोक तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलू लागले. वाईट नाही, चांगलंच बोलायचे. पण असं की जणू जिला दिसत नाही तिला ऐकूही येत नसावं. त्या घरात तेव्हा एक लहान पोर आजीला भरवायला बसायची. भागा. भागानं ती तिरकी मान जन्मापासून पाहिलेली.

धुरपदाबाईनं मान सरळ केली. सरळ मानेनं तिला रस्ता दिसेना, नुसती धूळ आणि मध्ये डाग. तशीच चालली. थोड्या वेळानं मान आपोआप वळली.

घरी आल्यावर तिला वाटलं, भागा आता बोलेल. ती भांडणाच्या तयारीनं चुलीपाशी बसली. बोलली तर काय म्हणायचं हे तिनं वाटेत जुळवलं होतं — की माझी चूल आहे, मी मेल्यावर घे. की तुला भाकरी कुणी शिकवली. की एवढी शहाणी होतीस तर पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस, मला खेळू का दिलंस... पण भागा बोलली नाही. तिनं तूरडाळीचं मडकं काढलं, बरीचशी डाळ आपल्या सुपात घेतली, आणि एक लहान ताट, त्यात ओंजळभर डाळ, सासूपुढे ठेवलं.

"आत्या, तुम्ही एवढी निवडा. बाकीनी मी देखस."

ओंजळभर.

...आणि तेव्हा तिला ते दिसलं, कुठल्याही डागाशिवाय. अकरा वर्षांची पोर चुलीपाशी मांडी घालून बसलेली, पुढ्यात असंच लहान ताट. मलाही द्या, मी निवडते, असा हट्ट. धुरपदाबाई तिला ओंजळभर डाळ द्यायची, आणि पोर झोपली की ती ओंजळ परत निवडून घ्यायची, मोठ्या डाळीत मिसळायची, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणायची, आज डाळ भागानं निवडली बरं. तेव्हा पोर मान खाली घालायची. लाजते, असं वाटायचं. मला काय कौतुक वाटायचं त्या लाजण्याचं!

लाजत नव्हती. तिला माहीत होतं. ओंजळ मागून परत निवडली जाते हे रोज माहीत होतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी ताट मागून घेत होती, एकेक दाणा उचलून बघत होती, मन लावून, जीभ दातांत धरून. डाळीसाठी नाही. समोर बसलेल्या बाईला शिकवण्याचा जो आनंद होत होता तो मोडू नये म्हणून.

जुळवून ठेवलेलं भांडण कुठे गेलं ते धुरपदाबाईला कळलं नाही. ते गेलं, आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. आजवर एकच जपायचं होतं, भागाला कळू नये. आता तेही उरलं नव्हतं. आता जपायचं ते हे, की आपल्याला कळलंय हे भागाला कळू नये. हे काम डोळ्यांशिवाय करता येण्याजोगं होतं. मरेपर्यंत करता येण्याजोगं होतं.

तिनं ताट मांडीवर ओढलं. बोटाखाली काहीतरी टोकदार आलं. खडा असेल, दाण्याचा तुकडा असेल. तिनं ते उचललं, डोळ्यांजवळ नेलं, जसं बघतात तसं बघितलं आणि बाजूला ठेवलं.

"भलता खडा शेतस वं या डाळमा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला.

"हाव, आत्या," भागा म्हणाली. "निवडा. घाई नई शे."