टायरची वहाण आणि चुकलेली गाडी

मी एक जुनी वहाण आहे, मित्रांनो. डाव्या पायाची. त्याआधी मी टायर होतो. टायर असेपर्यंत ‘होतो’ म्हणायचो, वहाण झाले तेव्हापासून ‘होते’ म्हणते. जन्म बदलला की एवढं चालायचंच.

टायरच्या जन्मात मी लाकडं वाहणाऱ्या एका ट्रकला मागच्या बाजूला होतो. सिएराच्या डोंगरांतून पाइनचे ओंडके भरून आम्ही क्रील गावच्या वखारीत न्यायचो. रस्ता वळणावळणाचा आणि बराचसा रुळांच्या कडेने जाणारा. बोगद्यातून आगगाडी बाहेर पडली की खिडक्यांतली माणसं दरीकडे बघून हात हलवायची. मला त्या गाडीचा फार हेवा वाटे. तिची चाकं पोलादी. त्यांना खिळा टोचत नाही, दगड लागत नाही आणि कुणी लाथ मारून त्यांची हवा बघत नाही. शेवटी एका उतारावर मी फुटलो. ड्रायव्हरने मला चार शिव्या हासडल्या आणि कडेला टाकून दिलं. माझ्या पोटात पानं साचली, एका सरड्याने बिऱ्हाड केलं. आपलं आता संपलं, असं मी धरून चाललो होतो.

मग इरिनेओ आला. इरिनेओ म्हणजे त्या डोंगरांत राहणाऱ्या आमच्या रारामुरी आदिवासींच्या वस्तीतला वहाणा करणारा माणूस. तो माझ्याजवळ बसला, माझ्यावरून हात फिरवला, सरड्याला हळूच बाहेर काढलं आणि मला खांद्यावर टाकून घरी घेऊन गेला. सुरीला पाणी लावत लावत त्याने मला कापायला घेतलं. दुखलं नाही असं म्हणणार नाही. पण ज्याला आपलं काय करायचं हे ठाऊक आहे, त्या हाताने कापलं तर फार वाईट वाटत नाही.

इरिनेओची पुतणी एवेलिया तेव्हा कोवळी पोर होती. आईबाप नव्हते, काका-काकूंनीच तिला वाढवलेलं. इरिनेओने तिचा पाय रबरावर ठेवून भोवताली कोळशाने रेघ ओढली.

“जरा मोठी काप,” पेत्राकाकू बकरीच्या कातड्याची वादी मऊ करता करता म्हणाली. “पोर वाढतेय अजून.”

“पाय वाढायचे थांबले हिचे,” इरिनेओ म्हणाला. “आता वाढेल ती जीभ.”

एवेलियाने जीभ काढून दाखवली. “एवढीच आहे बघा, काका!” तिघंही हसली. माझ्या दुसऱ्या जन्माची सुरुवात अशी हसण्यात झाली, हे मी माझं भाग्य समजते.

त्यानंतरची वर्षं सुखाची होती. बकऱ्यांमागे, झऱ्यावर, मक्याच्या शेतात, मी आणि उजवी, आम्ही दोघी बहिणी तिला घेऊन हिंडलो. काठीने कडं पुढे उडवत त्यामागे धावायच्या मुलींच्या शर्यतीत तिने सगळ्यांना मागे टाकलं, तेव्हा म्हाताऱ्या बायका आधी तिच्याकडे आणि मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, “इरिनेओने केल्यात वाटतं!” तेवढं मला वर्षभर पुरलं.

मला सगळ्यात आवडायचं ते कुणाकडे पाहुणं म्हणून जाणं. आमच्याकडे कुणी उठून दुसऱ्याच्या दाराशी जात नाही. घरापासून लांब, एखाद्या झाडाखाली बसायचं आणि भलतीकडेच बघायचं. आतल्यांना कळतंच. ते हातातलं काम उरकतात, केस सारखे करतात, कधी मनाची तयारी करतात आणि मग बाहेर येतात. नाही आले, तर आपण उठून परत फिरायचं. वहाणेला याहून चांगली विश्रांती कुठे मिळणार?

पुढे एवेलियाला सहलीच्या कचेरीत काम मिळालं. गाडीने आलेल्या लोकांना थांब्यावर उतरवून घ्यायचं, कड्याकड्याने चालवायचं, दऱ्या दाखवायच्या, रात्री खोपटात मुक्काम, आणि चालणं संपलं की पुढच्या थांब्यावरून पुन्हा गाडीत बसवून द्यायचं. तिला ते काम फार आवडलं. पण पहिल्याच फेरीला घात झाला. एका बाईच्या टाचेला फोड आले, चाल मंदावली, गाडीची वेळ जवळ आली. आणि एवेलियाला तर आपलं घर सगळ्यांना दाखवायचं होतं. मग ती बसलीच नाही. सगळा घोळका घेऊन थेट दारापर्यंत गेली आणि ओरडली, “काकू, लवकर ये! ह्यांना घर बघायचंय, गाडी आहे आमची!”

इरिनेओ त्या दिवशी खोकल्याने आडवा झालेला होता. दारातून कुणीतरी त्याचा फोटो काढला. त्याने पांघरूण तोंडावर ओढून घेतलेलं मी पाहिलं. पेत्राकाकू उठली. ती ना ओरडली, ना रडली. फक्त म्हणाली, “पळ. गाडी चुकेल तुझी.” आणि तिने दार लावून घेतलं.

त्यानंतर ते दार एवेलियासाठी उघडलं नाही.

पुढल्या मोसमात कचेरीने तिला बूट दिले आणि आमची रवानगी तिच्या खोलीतल्या खिळ्यावर झाली. मित्रांनो, ते दिवस मला आठवावेसे वाटत नाहीत. वाद्या वाळल्या, कडक झाल्या. कोळ्याने आम्हा दोघींच्या मधोमध जाळं विणलं. एवेलिया प्रत्येक फेरीहून परत यायची, बूट भिरकावून द्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. ती प्रत्येक वेळी काकूच्या घरापुढच्या ओकच्या झाडाखाली जाऊन बसत होती, हे मला मागाहून कळलं. जरा वेळ बसायची, गाडीची वेळ झाली की उठायची. आतून कुणी यायचं नाही.

मग वर्षातली शेवटची फेरी आली. त्या सकाळी तिने बूट घातले, काढले आणि आम्हाला खिळ्यावरून उतरवलं. माझी वादी कडकन तुटली. तिने तिथल्या तिथे गाठ मारली. गाठ टोचत होती, पण मी आनंदात होते.

त्या फेरीला दोघंच होती. तोर्रेओन शहरातला कासिमिरो आणि त्याची बायको ओफेलिया. कासिमिरोने सगळी उमर ट्रक चालवला होता आणि इंजिनाच्या आवाजावर बोलायची त्याची सवय अजून गेली नव्हती. पहिल्याच चढावर त्याने एवेलियाला थांबवलं.

“थांब, थांब पोरी! तो पाय वर कर. ओफेलिया, हे बघ, मागच्या चाकाचा टायर! ही नक्षी मी झोपेतसुद्धा ओळखीन.”

“अहो, परक्या पोरीचा पाय धरून काय बसलात!”

“पाय कुठे धरलाय? टायर बघतोय.”

“इतक्या प्रेमाने माझ्याकडे नाही कधी पाहिलंत ते.”

एवेलिया हसली. पुष्कळ दिवसांनी तिचं हसणं तळव्यातून माझ्यापर्यंत आलं. पायांत घाई नव्हती, दरीत ऊन उतरत होतं, घायपाताच्या पात्यांवर दव होतं. चालता चालता ओफेलियाने विचारलं, “कुणी केल्या गं ह्या वहाणा?” आणि एवेलियाने सगळं सांगून टाकलं. काका, काकू, फोटो, लावलेलं दार, सगळं. थंडी आली की वरची माणसं बकऱ्या घेऊन खाली दरीतल्या उबेला राहायला जातात. काका-काकूही जाणार. “काका थकलेत. खाली उतरतील, पण वसंतात परत चढवेल का त्यांना, कुणास ठाऊक,” ती म्हणाली.

चालण्याचा शेवटचा दिवस होता. दुपारी आम्ही ओकखाली पोचलो. घरातून धूर येत होता आणि पाट्यावर मका वाटल्याचा आवाज. अंगणात गाठोडी बांधून ठेवलेली होती. एवेलियाने ती पाहिली आणि मटकन खाली बसली. काका-काकू दुसऱ्याच दिवशी खाली दरीत उतरणार होते.

बराच वेळ गेला. पाट्याचा आवाज चालूच होता. एवेलिया हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही दोघं निघा आता. ही पायवाट सरळ थांब्यावर जाते, चुकायचं काही कारण नाही. मी आज उठणार नाही.”

“आणि तुझी नोकरी?” कासिमिरोने विचारलं.

“गेली तर गेली.”

“अगं, मग एवढं बसायचं कशाला? मी जाऊन दार वाजवतो. म्हणतो, बाई, पोर बाहेर ताटकळलीय…” तो उठलाच होता. एवेलियाने त्याची बाही घट्ट धरली.

“नको हो. पाया पडते. तसंच तर केलं होतं मी.”

कासिमिरो तिच्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने बायकोकडे बघितलं. ओफेलिया सरळ पालापाचोळ्यावर बसली आणि तिने पाय पसरले.

“अगं, पोरगा तिकडे स्टेशनवर वाट बघेल आपली,” तो म्हणाला.

“बघू दे. तुमची वाट बघण्यात माझा जन्म गेला. एक दिवस त्याने बघितली तर झिजणार नाही तो.”

कासिमिरो बसला. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, तो गप्प बसला. तिघंही दरीकडे तोंड करून बसली. मी मातीत टेकून होते आणि एवेलियाच्या पायाची बोटं माझ्यावर घट्ट आवळली गेली होती.

लांबून शिट्टी आली. कासिमिरोचे गुडघे हलले, पण तो उठला नाही. घरातला पाट्याचा आवाज थांबला. रुळांचा खडखडाट जवळ आला. गाडी थांब्यावर उभी राहिली असेल, तेवढा वेळ सगळं शांत झालं. एवेलिया जागची हलली नाही. मग दुसरी शिट्टी झाली, गाडी निघाली, बोगद्यात शिरली आणि आवाज विरून गेला. ज्या गाडीचा मी कधीकाळी हेवा केला, ती आम्हाला सोडून गेली, आणि खरं सांगते, मला तिचं काहीही वाटलं नाही. माझा सगळा जीव त्या दाराकडे लागला होता.

दार उघडलं. पेत्राकाकू लाल घागरा सावरत बाहेर आली, हात पुसत पुसत अंगण ओलांडून ओकपर्यंत आली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग एवेलियाकडे.

“गाडी गेली ना तुझी?”

“गेली, काकू.”

“मग आता घाई नाही.”

“नाही.”

काकूने हात पुढे केला. आमच्या रीतीप्रमाणे दोघींच्या बोटांची फक्त टोकं टेकली. पण काकूने ती लगेच काढून घेतली नाहीत. एवेलिया रडायला लागली.

“काकू, मी तेव्हा…”

“माहीत आहे. आत ये. काका मघापासून डोकं खातायत माझं, पोर बसलीय, पोर बसलीय म्हणून. मी म्हटलं, गाडी जाऊ दे आधी.” मग तिने इकडेतिकडे पाहिलं. “आणि तो मोठ्याने बोलणारा माणूस कुठे गेला?”

“मीच तो,” कासिमिरो अगदी कुजबुजत म्हणाला.

आत इरिनेओ बकरीच्या कातड्यावर बसला होता. वाळून गेला होता, डोळ्यांवर पडदा आलेला. एवेलिया त्याच्यापाशी बसली. त्याने आधी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मग तो हात खाली येत येत माझ्यापर्यंत पोचला. त्याची बोटं माझ्या वादीवरून फिरली आणि गाठीपाशी थांबली.

“ही कुणी मारली?”

“मी, काका.”

“बुटाची गाठ आहे ही. काढ ती वहाण.”

काकूने भाजलेल्या मक्याचं पीठ पाण्यात कालवून सगळ्यांना दिलं. ते पिऊन होईपर्यंत इरिनेओने माझ्यात नवी वादी ओवली. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण मी त्याच्याच हातची होते, त्याला बघायची गरज नव्हती. मग त्याने माझ्या तळावर अंगठा दाबला आणि म्हणाला, “चालेल अजून.” काकू म्हणाली, “वहाण ना?” तो म्हणाला, “तीसुद्धा.”

दुसऱ्या दिवशी एवेलिया काकाचा हात धरून त्याला उतारावरून खाली घेऊन गेली. ओफेलियाने गाठोडं घेतलं, कासिमिरोने कोंबडी. कोंबडीने त्याला सगळी वाट बोल लावला आणि त्याने एका शब्दाने उत्तर दिलं नाही. वर परत येऊन तिघांनी त्या दिवशीची गाडी पकडली. कचेरीत कासिमिरोने ठोकून दिलं, “माझाच पाय लचकला म्हणून गाडी चुकली, पोरीने मला सांभाळून आणलं.” एवेलियाची नोकरी राहिली.

आणि वसंतात इरिनेओ वर चढून आला. हळूहळू, थांबत थांबत, पण आला. कसा आला ते मी पाहिलंय, कारण त्याच्या पुढे एवेलिया होती आणि तिच्या पायात मी होते.

मित्रांनो, माझा तळ आता पातळ झालाय आणि खडे टोचतात, माझ्यापेक्षा एवेलियाला जास्त. पण वादी वाळली की ती तेल लावते आणि खिळ्यावर मला कुणी विसरत नाही. तुमच्याही घरात कुणाच्या हातची एखादी जुनी वस्तू टांगलेली असेल, तर तिच्यावरचं जाळं तेवढं झाडा. आणि ज्याने ती केली तो माणूस तुमच्यावर रुसला असेल, तर जाऊन त्याच्या घरापुढे बसा. दार वाजवू नका. मात्र बसाल ते गाडीची वेळ विसरून बसा. तुम्ही मनातून निघायच्या तयारीत असलात, तर ते आतल्या माणसाला बरोबर ऐकू येतं.