कानात सांगायचं नाव

शरयूने विक्रमसिंहाला माफ केलं नव्हतं आणि करणारही नव्हती. दर्पण कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, "जाने दो ना ताई, इंटरनेटच तर होतं!" इंटरनेटच? अहो, तिच्या भावाच्या घरी, तिकडे कॅनडात, इतक्या वर्षांनी पाळणा हलला होता! बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिने कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. शरयूने नाव ठरवून ठेवलं होतं, राघव. तिच्या वडिलांचं.

त्यांच्या गल्लीत मोबाईलला धड सिग्नल नाही. म्हणून तर शेजारच्या विक्रमसिंहाने उपग्रहाच्या इंटरनेटची एजन्सी घेतली आणि गच्च्यागच्च्यांवर डिश बसवल्या. शरयूकडचा लँडलाइन फोनही त्यानेच बंद करायला लावला. जुना मोडेम हातात धरून खो खो हसला मेला. "हा डबा अजून ठेवलाय, ताई? भंगारात द्या!"

त्या डब्यावर भावाचा परदेशातला पहिला फोटो आला होता. खर्रर्र, चीं चीं करत आधी केस, मग कपाळ, मग नाक. पोहे करून खाऊन झाले तरी हनुवटी यायचीच होती. पण आली! अख्खा भाऊ आला. आणि ही डिश? हिला मोकळं आकाश लागतं, तर विक्रमसिंहाने ती नेमकी कडुनिंबाच्या फांद्यांसमोर बसवली. शरयूने किती वेळा टोकलं. "कल देख लेंगे, ताई." त्याचा कल काही उजाडला नाही.

बारशाला शरयू पैठणी नेसून, टीव्हीवर व्हिडिओ कॉल लावून बसली, "कुर्रर्र" म्हणाली आणि चित्र थिजलं. तिकडे सगळ्यांना तिचा वासलेला आ तेवढा दिसत राहिला. वाट बघून बघून शेवटी बाळाच्या मावशीने नाव सांगून टाकलं. काय, तर रेयान! वर विक्रमसिंह म्हणतो, "रेकॉर्डिंग बघून घ्या ना!" शरयू त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्याच दिवशी टेलिफोन ऑफिसात खेटे घालायला सुरुवात केली आणि आपला लँडलाइन परत जोडून घेतला, जुन्याच नंबराचा. मग ती वाट बघत बसली.

उन्हाळ्यात विक्रमसिंहाच्या नातवाचं बारसं आलं. बाळाची आत्या म्हणजे त्याची मुलगी शिखा, दुबईला. ती डिशवरून नाव सांगणार, म्हणून त्याने मुद्दाम गिऱ्हाइकांनाही आवतण दिलं होतं. नावही त्यानेच ठरवलेलं, संग्रामसिंह. त्यांच्या घराण्यात सगळे सिंहच. आणि ऐन वेळी काळी आंधी आली. धुळीने आभाळ भरलं, डिशचं तोंड फिरलं, मोबाईलचा उरलासुरला सिग्नलही गेला.

शरयूकडचा फोन खणखणला. शिखाच होती. हा नंबर तिला लहानपणापासून पाठ.

"काकू, बाबांकडे कुछ लग ही नहीं रहा! मी काय करू?"

"आधी रडणं थांबव," शरयू म्हणाली आणि तिला सगळं सांगितलं. डिश, कडुनिंब, हुकलेला राघव, रेयान, सगळं.

"बाबांनी तुमच्याशी असं केलं?"

"नाव सांगायचा मान तुझा आहे, शिखा. बाबांचा नाही."

एवढं बोलून, तिला फोनवरच थांबायला सांगून शरयू शेजारी गेली आणि भरल्या मांडवात म्हणाली, "भाऊसाहेब, शिखाचा फोन आलाय. माझ्या भंगारावर."

पदर डोक्यावरून घेत सगळ्या बायका बाळाला घेऊन निघाल्या. मागून गिऱ्हाइकं, आणि सगळ्यात शेवटी फेट्यात धूळ भरलेला विक्रमसिंह. शरयूने बाळाला मांडीवर घेतलं आणि स्पीकरचं बटण दाबलं.

"कुर्रर्र..." शिखाचा आवाज खणखणीत आला. "राघव!"

"अगं ए! संग्रामसिंह ठरलं होतं!" विक्रमसिंह ओरडला.

"ओरडू नकोस," त्याची आई लीलाताई म्हणाल्या. "आत्याने सांगितलं ना? मग झालं. आता तेच नाव."

आता धपाटे कुणाला घालायचे? आत्या तर दुबईला. शरयूने आपलीच पाठ पुढे केली. बायकांनी हात राखला नाही. तिच्या डोळ्यांना पाणी आलं, तरी ती हसत होती.

"भाऊसाहेब," बाळाला त्याच्या हातात देत ती म्हणाली, "आमच्या राघवला सांभाळून न्या. आणि गच्चीवरचं ते ताट उतरवून भंगारात द्या."