चौदा नंबरची घंटी

झरी गावातल्या किशनरावांच्या अंगणात त्या शनिवारी दुपारी पाऊल ठेवायला जागा उरली नव्हती. ओसरीवर बाया, दारात पुरुष, आणि मध्यभागी लाल कापडाने जमिनीपर्यंत झाकलेल्या चौरंगावर किशनरावांचा काळा टेलिफोन. त्याची वायर मुंजाजीबुवाने साऱ्यांदेखत भिंतीवरच्या डबीतून सोडवली होती आणि गुंडाळून फोनशेजारी ठेवली होती. बुवा स्वतः चौरंगाला खेटून, कफनी ऐसपैस पसरून बसला होता.

"तार न्हाई, खांब न्हाई, आपरेटर न्हाई," तो म्हणाला. "आता वरचा लाइटनिंग कॉल येईल, सगळ्यात तातडीचा. मधी कुणी बोलू नका, लाइन कटती."

त्याने डोळे मिटले, आणि घंटी वाजली. खणखणीत, एका दमात, चांगली दहा-बारा सेकंद.

"वायरीबिगर वाजायलाय गं," नर्मदाबाईंनी ओसरीवरूनच हात जोडले.

किशनरावांची बायको कस्तुराबाई फोनकडे पाहत नव्हती. ती पाहत होती भिंतीकडे. भिंतीपलीकडे तिची धाकटी जाऊ सुमनबाई राहत होती.

हे १९८८ सालचे माघातले दिवस. गावात छोटे स्वयंचलित टेलिफोन केंद्र येऊन दीड वर्ष झाले होते. पंचवीस नंबरांपैकी चौदा किशनरावांचा आणि सतरा त्यांच्या धाकट्या भावाचा, दत्तरावाचा. दसऱ्यापासून चौदा नंबर मुका झाला होता. इथून कुणालाही फोन लावता येई. लाइनमन दोनदा येऊन, रिसीव्हर कानाला लावून, "लाइन चालू हाय" असे सांगून गेला होता. पण बाहेरून आलेला फोन वाजत नसे. सतरा नंबर मात्र वाजतच राही, आणि त्याची प्रत्येक घंटी भिंतीतून कस्तुराबाईच्या काळजापर्यंत पोचे.

वाळूजच्या कारखान्यात लागलेला तिचा एकुलता एक मुलगा बन्सी, त्याचाही फोन जावेकडेच येई. "अक्का, बन्सीचा फोन आलता. आई उचलंना म्हणला, रागावली का इचारत व्हता," असे सुमनबाई भिंतीवरून सांगे. कस्तुराबाईला त्यात निरोप कधी ऐकू आलाच नाही. तिला ऐकू येई ती फुशारकी. पोरगा माझा आणि त्याचा आवाज हिच्या कानात, या विचाराने ती भरल्या ताटावरून उठे. जावेची पोर, जावेचे पातळ, जावेचा हसरा चेहरा, हे सारे तिने आजवर सोसले होते. ही घंटी तिला सोसेना.

म्हणून तिने बुवाला बोलावले होते, आणि बुवाने तिच्या मनातलेच तिला सांगितले. "घंटी बांधलीय, भिंतीपल्याडच्या बाईनं. आज दिवस मावळायच्या आत तिनं ओल्या लुगड्यानं मारुतीच्या पारावर उभं राहून कबूल करावं. मग फोन बदला. तिचा इकडं, ह्यो तिकडं. ज्याच्या घरी तिच्या फोनचा डबा, त्याच्या घरी माणसं बोलतील."

दत्तराव मानवतला बाजाराला गेला होता. सुमनबाईला दोघी बायांनी दंडाला धरून अंगणात आणून उभे केले होते. किशनराव खाली मान घालून बसले होते. कस्तुराबाईला मात्र चार महिन्यांत पहिल्यांदाच गार वाटत होते.

एवढ्यात गर्दीतून वाट काढत कुसुमबाई खिल्लारे आल्या. त्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. बुवाचे बोलणे भिंतीतून ऐकून, बाया दारात यायच्या आधी सुमनबाईने सतरा नंबरावरून शाळेला फोन केला होता.

"बाई, आमच्या देवाच्या कामात तुमचं काय?" दारातल्या पुरुषांपैकी तात्यारावांनी विचारले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटल्यापासून गावात 'आमचं-तुमचं' हे शब्द लोक जपून वापरीत, किंवा मुद्दाम वापरीत. हे मुद्दाम होते.

"देवाचं काही न्हाई, तात्याराव. मी घंटी बघायला आले." त्या बुवाकडे वळल्या. "महाराज, आपल्या गावचा फोन दोनदा वाजतो, थांबतो, पुन्हा दोनदा वाजतो. ही घंटी एका दमात वाजली. आमची शाळेची विजेची घंटी अशी वाजते."

"वरची लाइन येगळी असती, बाई."

"असेल. मग फोन कस्तुराबाईंच्या मांडीवर ठेवा आणि पुन्हा वाजवा."

"देव जागा सोडत न्हाई."

"देव राहू द्या तिथंच. फोन तेवढा द्या."

कुणीतरी फिसकन हसले. बुवाने फोनवर हात ठेवला. कुसुमबाई कस्तुराबाईला म्हणाल्या, "झाकण उघडून बघू का?"

कस्तुराबाईने त्यांना जातीमुळे कधी ओसरीच्या आत येऊ दिले नव्हते, आणि फोन तर पुजलेला. पण जावेचा हात आतवर पोचला असेल तर आत काहीतरी सापडेल, केस, बिब्बा, टाचणी, काहीतरी. ते साऱ्या गावाने बघावे, या ओढीने तिने बाकी सारे बाजूला सारले.

"उघडा," ती म्हणाली. "करणी असंल तर दिसू दे साऱ्यांला." आणि बुवाच्या हाताखालून तिने स्वतः फोन ओढून घेतला.

तळाचे स्क्रू निघाले, झाकण निघाले. आत पितळेच्या दोन वाट्या, आणि त्यांच्यामध्ये वाटाण्याएवढा हातोडा. हातोड्याभोवती हळदीकुंकवाचा वाळून दगड झालेला लगदा, आणि त्यात रुतलेले लाल तांदूळ.

ते तांदूळ कस्तुराबाईने ओळखले. खंडेनवमीला घरोघर विळे-कोयते पुजतात, शिलाई मशीन पुजतात. त्या वर्षी दोन्ही घरांनी फोन पुजला होता. जावेने आपल्या फोनला कुंकवाचे एक बोट लावलेले तिने भिंतीवरून पाहिले होते. तेव्हा कस्तुराबाईने आपल्या फोनवर ओली हळद थापली, कुंकू ओतले, आणि मूठमूठ अक्षता पाच वेळा वाहिल्या. रिसीव्हरखालच्या भोकांतून ते सारे आत गेले होते.

"ह्या अक्षता माज्याच हायेत," ती पुटपुटली.

कुसुमबाईंनी हातोड्याला बोट लावले. तो हलला नाही. "दसऱ्यापासून हा फोन वाजूच शकत नव्हता. मग मघाशी वाजलं ते काय?"

कस्तुराबाई क्षणभर थांबली. चौरंग तसाच झाकलेला राहिला तर दिवस मावळायच्या आत जाऊ पारावर उभी असणार होती. मग तिनेच वाकून लाल कापड ओढले.

खाली दारावर बसवतात तसली घंटी, बॅटरीचे तीन सेल, आणि कफनीखाली गेलेली वायर. बुवा घाईने उठायला गेला, त्याने गुडघ्यावर भार दिला, आणि गुडघ्याखालचे बटण दाबले जाऊन वरचा कॉल पुन्हा आला.

"उचला महाराज," तात्याराव म्हणाले, "तुमचाच हाय."

बुवा कधी गेला ते हसण्याच्या गलक्यात कुणाला कळले नाही. गलका शमल्यावर कुसुमबाई म्हणाल्या, "नंबर डब्यात नसतो. तो केंद्रातून येणाऱ्या तारेचा असतो. सुमनबाईंचा फोन इथं लावला असता तर इथं चौदाच नंबर वाजला असता, कारण त्यांचा डबा साफ आहे. हा मुका डबा तिकडं गेला असता, तर सतरा बंद पडला असता. आणि बुवा म्हणाला असता, करणी उलटली. खरी गंमत चौरंगाखाली नव्हती, ती ह्या अदलाबदलीत होती. पारावर उभी केलेली बाई मग कुणी निर्दोष मानली असती?"

सुमनबाईचे दंड सुटले होते. ती आपल्या घरी गेली.

कुसुमबाईंनी ओसरीवर बसून लगदा खरवडला, झाकण लावले, वायर जोडली. जरा वेळाने घंटी वाजली. दोनदा, थांबून पुन्हा दोनदा.

"अक्का, मी सुमन. वाजला का?"

"वाजला."

"बन्सीला सांगते, आता आईकडंच लाव म्हणून."

पहिली घंटीसुद्धा हिनेच द्यावी, हे कस्तुराबाईला त्याही क्षणी बोचले. पण रिसीव्हर तिने खाली ठेवला नाही.

"सुमन, पाराचं बोलणं निघालं तवाच मी न्हाई म्हणायला पायजे व्हतं."

पलीकडे सुमनबाईनेही रिसीव्हर खाली ठेवला नाही. फोन चालू होता.

मत्सर स्क्रू काढून खरवडता येत नाही, हे खरे आहे. फोन मात्र येतो. म्हणून घरातली घंटी मुकी झाली तर आधी झाकण उघडून पाहावे. त्यात शेजारच्या बाईचा हात सापडण्यापेक्षा आपल्याच मुठीतले तांदूळ सापडण्याचा संभव फार मोठा असतो.