झोयाचे अठ्ठावीस

मृणालीबाईंनी फळ्यावर 'यात नापास कोणीच नाही' असं तिसऱ्यांदा लिहिलं आणि खाली अशी रेघ ओढली की खडूच मोडला.

तिसरीच्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले पालक माना डोलवत होते. पायाभूत चाचणी म्हणजे परीक्षा नव्हे, पोराला काय येत नाही ते कळावं म्हणून ती घेतात. तीसपैकी दहाच्या खाली गेला, तर त्याच्यासाठी शाळेआधी तासभर वाचनवर्ग, फुकट. पाऊण तास बाई हेच सांगत होत्या. डॉक्टरकडे नेताना पोराचा ताप लपवता का, असंही विचारून झालं. मग काही शंका आहे का म्हणाल्या, तर मागून भिकाजी उठला. त्याचा मुलगा याच वर्गात.

"समजलं सगळं, बाई. पण पयला कोण आला?"

बाईंनी कपाळावर हात मारला. पालथ्या घड्यावर पाणी! दरवर्षी तेच घसा कोरडा करणं आणि दरवर्षी असाच एखादा भिकाजी. नाव तर फळ्याच्या कोपऱ्यात होतंच, कालच मुख्याध्यापकांनी हौसेनं लिहिलेलं: झोया, अठ्ठावीस. भिकाजीनं ते वाचलं आणि समाधानानं खाली बसला.

सभा संपली. सगळे गेले, झोयाची आई कौसर तेवढी दाराशी ओढणीचं टोक पिळत उभी राहिली.

"बाई, ताप मी लपवलाय."

चाचणीच्या आदल्या दिवशी फोनवर कुठल्याशा ग्रुपवर पेपर आला होता. तिनं उत्तरं पोरीकडून घोकून घेतली. नवरा बोटीवर कामाला, फोन आला की आधी मार्क विचारतो. काल एसटीची पाटी वाच म्हटलं, तर पोरगी रडायला लागली.

"अठ्ठावीसचे आठ करा. वाचनवर्गात घ्या तिला."

बाईंचा पारा चढला. गुण कधीच वर, तालुक्याला कळवून झाले होते, वाचनवर्गाची यादीही लागली होती. आता येऊन काय उपयोग, तेव्हा अक्कल कुठे गेली होती, हे सगळं जिभेवर आलं. त्यांनी रागानंच गठ्ठ्यातून झोयाची उत्तरपत्रिका ओढली.

आणि त्यांना आठवलं. चाचणीच्या दिवशी झोयानं प्रश्नपत्रिकेतलं उताऱ्याचं पान उलटलंच नव्हतं. न उलटताच ती त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं लिहीत होती. बाई तिच्या बाकाशी उभ्या होत्या, त्यांनी ते पाहिलं होतं. मग त्या पुढच्या बाकाकडे गेल्या होत्या.

त्यांनी डस्टर घेऊन फळ्याचा तो कोपरा पुसला.

"उद्यापासून साडेनऊला पाठवा. यादीचं मी बघते."

"आणि मार्क?"

"ते आता तसेच राहणार," बाई म्हणाल्या. "तुमचे नि माझे."

कौसरला ते नीटसं कळलं नाही. तिनं मान डोलावली.